बांबूच्या अलीकडची पहिली जागा

दॉ ओन म्याइंगला दिसत नाही, ही गोष्ट तिने चौदा महिने सगळ्या मोगोकपासून, माणकांच्या त्या खाणगावापासून, लपवून ठेवली होती. अगदीच दिसत नव्हतं असं नाही. समोर माणूस आलं की माणूस आहे एवढं कळे. बाई की पुरुष ते आवाजावरून ठरवायचं. पण या डोंगरात हिवाळ्याच्या पहाटे जे धुकं उतरतं आणि दहा वाजता उठून जातं, ते तिच्या डोळ्यांतून उठेनासं झालं होतं. लाल रंग तर साफच गेला. एकसष्ट वर्षांपैकी पंचेचाळीस वर्षं जिने लाल रंगावर पोट भरलं, तिला माणिक, विटेचा तुकडा आणि चहाचा चोथा आता एकाच रंगाचे दिसत होते.

तरी ती रोज सकाळी टोपली घेऊन ओढ्यावर जायची. न जाऊन सांगते कोणाला!

तिथली रीत अशी. खाणीतली रेताड माती पंपाच्या पाण्याने लाकडी पन्हळीवरून धावते. पन्हळीच्या आडव्या पट्ट्यांत जडशीळ खडे अडकतात, ते मालकाचे. उरलेला गाळ पन्हळीच्या तोंडातून ओढ्यात पडतो, तो बायकांचा. याला कनासे म्हणतात. कोणाच्या पणजीने कोणाशी भांडून हा हक्क मिळवला कोणास ठाऊक, पण मालक बदलले, सरकारं बदलली, तो राहिला. पुरुषाने त्या गाळाला हात लावायचा नाही. बायकांनीही फावडं आणायचं नाही, हात आणि टोपली एवढंच. आणि पन्हळीच्या तोंडापासून चार हातांवर, दोन दगडांवर टेकवलेला एक बांबू असतो, त्याच्या पलीकडे बोटसुद्धा न्यायचं नाही. पलीकडचा खडा उचलणारी चोर. आणि एक बाई चोर ठरली की सगळी रांग पुढच्या पावसाळ्यापर्यंत घरी.

रांगेत एकतीस बायका. बांबूला लागून पहिली जागा ओन म्याइंगची. तिच्या आधी तिच्या आईची. गाळ आधी तिच्या टोपलीवरून जातो, मग बाकीच्यांच्या. शेवटच्या बाईच्या वाट्याला काळी वाळू आणि सर्दी. आता अशी जागा कोण सोडेल? आणि सोडायला नकोच, नुसती गैरहजेरी पुरे. पंधरा दिवस जी फिरकली नाही तिची जागा मागची बाई घेते, हाही रांगेचाच कायदा.

तिथेच सगळं अडलं होतं. लेक यिन मा मंडालेला शिवणकाम करायची. बसच्या ड्रायव्हरबरोबर तिचे निरोप यायचे. आईच्या डोळ्यात पडदा आलाय हे तिने दिवाळीसारख्या त्यांच्या दिव्यांच्या सणाला आली तेव्हाच ओळखलं होतं. आईने वरणाच्या वाडग्यात हात धुतले होते. तिचा निरोप दर वेळी एकच: डॉक्टर पडदा काढून देतो, वीस दिवस इथे राहावं लागेल, ये. वीस दिवस. पंधरा नाही, वीस. ओन म्याइंग उलट निरोप धाडायची, “सध्या सवड नाही.”

तर डोळ्यांवाचून ती खडे कशी वेचत होती? जिभेने.

सापडलेला बरा खडा गालात धरायची सवय तिथल्या बहुतेक बायकांना असते. दोन्ही हात पाण्यात, लुंगीची गाठ ओली, मग ठेवणार कुठे? ओन म्याइंगने त्या सवयीचंच दुकान केलं. काच तोंडात गेली की लगेच ऊबदार होते. खरा खडा बराच वेळ थंडगार राहतो. तामडा म्हणजे स्वस्तातला लाल खडा: गोलसर, पैलूपैलूंचा, लिमलेटच्या गोळीसारखा फिरतो. लालडी म्हणजे माणकाची सावत्र बहीण: तिची टोकं टोचतात, दोन मनोरे बुडाला बूड लावून ठेवल्यासारखी. तिथले लोक म्हणतात, नाटांनी, म्हणजे डोंगरातल्या देवचारांनी, ती बसून घासलेली असते. आणि माणिक सहा बाजूंचं, चपटं, कडेला केसासारख्या रेघा. त्या रेघा जिभेच्या टोकाला लागल्या की ओन म्याइंगच्या पाठीतून अजूनही शिरशिरी जायची.

बांबूचं तिने असं केलं होतं: सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं, हाताने चाचपायचं, डावा गुडघा त्याला भिडवून बसायचं, आणि दिवसभर गुडघा हलवायचा नाही. थंडीने तो गुडघा सुजून भोपळा झाला होता. पण चौदा महिन्यांत एकदाही चुकला नव्हता. काम सुटून घरी गेल्यावर मात्र ती गुडघ्याला तेल चोळत मनाशी घोकत बसायची. उद्या चुकला तर? परवा? माणूस किती दिवस एका गुडघ्यावर जगणार?

तो दिवस तबोद्वे महिन्यातला, म्हणजे आपल्याकडच्या माघातला. थंडी अशी की पाण्यात बोटं आपली की शेजारणीची कळू नये. जेवणासाठी पंप थांबला तेव्हा बायका काठावर जाऊन भात खाऊन आल्या. ओन म्याइंगही उठली. न उठती तर लोकांनी विचारलं असतं. परत आली तोवर मुकादम को लाट याने पंप सुरू केला होता, आणि पंप सुरू असला की त्या काठावर कोणी तोंडाने बोलत नाही. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांनी.

को लाटने हातवारे केले. पाण्याचा जोर वाढवलाय, गाळ लांब पडतोय, म्हणून बांबू हातभर खाली सरकवलाय, सगळ्यांनी मागे सरा. तीस बायकांनी माना डोलावल्या. एकतिसावीनेही डोलावली. शेजारच्या बाईची सावली डोलली, म्हणून हीही डोलली. को लाटने काय सांगितलं याची तिला गंधवार्ताही नव्हती.

बायका मागे सरल्या. सगळ्यांदेखत बांबू चाचपता येईना, म्हणून ओन म्याइंग आपल्या दगडांच्या अंदाजाने जुन्या जागी बसली. डावा गुडघा टेकवला, तर तिथे काहीतरी कठीण लागलं; तो होता पूर्वीच्या बांबूखालचा दगड. गुडघा बधिर. लाकूड आणि दगड यातला फरक त्याला उरला नव्हता.

पहिल्या तीन मुठींत काही नाही. चौथ्या मुठीत अंगठ्याखाली एक चपटी थंडी लागली. करंगळीच्या नखाएवढी. तिने ती सरळ गालात टाकली, जीभ फिरवली. एक, दोन, तीन... सहा बाजू. कडेला रेघा. आणि इतकी थंड, की दाढ ठणकली.

दोन वर्षांत असा खडा लागला नव्हता. ती सुखाने जरा मागे रेलली, आणि तिच्या पाठीला बांबू लागला.

पाठीला. म्हणजे ती पलीकडे बसली होती.

ती बसल्या बसल्या, खेकडा सरकावा तशी, मांडीखालून बांबू जाऊ देत इकडे सरकली. लुंगी फाटली. मग टोपलीत वाकली आणि वाळू चाळू लागली, जशी काही जन्मभर तिथेच होती. खडा थुंकून परत पलीकडे टाकावा? हात वर गेला तर कोणीतरी बघेल. कोण बघतंय, कोण नाही, हेच तर तिला दिसत नव्हतं!

आणि पंप बंद पडला. म्हणजे, कोणीतरी बंद केला.

“हात वर! सगळ्यांनी हात वर!” को लाटचा आवाज फाटला होता. “आत्ता इथे होता. शेवटच्या पट्टीतून सुटला, मी डोळ्यांनी बघितला. लाल भडक. बांबूच्या वरती पडला. खाली येतो तर नाही!”

“पाण्याने नेला असेल,” कोणीतरी म्हणालं.

“पाण्याला काय हात असतात?”

“तुझ्या तोंडात पान आहे सकाळपासून,” दुसऱ्या जागेवरून आवाज आला. “स्वतःचीच पिंक बघितली असशील, मुकादम.”

हा आवाज दॉ थेन प्यूचा. वय एकोणसाठ, देह दोन बायकांचा, जीभ चौघींची. वीस वर्षं ती दुसऱ्या जागेवर बसून पहिल्या जागेची वाट बघत होती आणि ते लपवतही नव्हती. रोज सकाळी ओन म्याइंगला विचारायची, “काय अमा, आजही जिवंत?” अमा म्हणजे थोरली बहीण, तिच्या तोंडी तो शब्द मिरचीसारखा यायचा. ओन म्याइंगचं उत्तर ठरलेलं, “तुला पोचवल्याशिवाय जात नाही.”

बायका हसल्या. को लाट हसला नाही.

“हसा, हसा. तीन वर्षांपूर्वी बांबूवरून कोणाचा हात गेला होता, ते मी विसरलेलो नाही.”

हसू बंद झालं. तो हात थेन प्यूचा होता. तेव्हा नवरा आजारी होता आणि खडा फुटका निघाला, म्हणून मालकिणीने दम देऊन सोडलं होतं. दुसऱ्यांदा सोडणार नव्हती.

मालकीण दॉ न्वे छत्री घेऊन काठावर आली. नवरा नावाला मालक. खाण हीच चालवायची. ओरडायची नाही. हिशेबी बाईला ओरडावं लागत नाही.

“बांबूपाशी कोण होतं?”

“पहिली आदॉ ओन म्याइंग,” को लाट म्हणाला. तो तिला आदॉ म्हणे, सख्ख्या मावशीला म्हणावं तसं; लहानपणी तिच्या घरचा भात खाल्लेला.

“तिचं राहू दे. दुसरी कोण?”

तिचं राहू दे. पंचेचाळीस वर्षांची कमाई ती एवढ्या तीन शब्दांची. ओन म्याइंगच्या गालात खडा होता आणि जीभ त्याच्यावर दाबून धरली होती. काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं. हिचं कोणी तोंड उघडून बघणार नव्हतं. थेन प्यूकडे खडा सापडणार नाही. पण जुना डाग आहे, संशय राहील, मालकीण तिला काढेल. चोरी काही ठरली नाही, तेव्हा एकीला काढून बाकीची रांग वाचेल. वीस वर्षांची कटकट संपेल. खडा मंडालेला जाईल, तिथे डोळे होतील...

हे सगळं एका श्वासात मनात आलं. आलं म्हणजे आलं. वाईट विचार काय दार वाजवून येतात?

झडतीसाठी काठावर दोन बांबू रोवून चटई बांधली गेली. मालकिणीच्या घरच्या दोन बायका थेन प्यूला तिच्यामागे नेऊ लागल्या.

“काढते, सगळं काढते,” ती ओरडत होती. “पण नंतर मालकिणीची रेशमी लुंगी नेसायला पाहिजे हं मला! माझ्या मापाची निघेल का बघा! अगं अमा, तू तरी बोल की! एरवी भिक्षूंना जेवताना शिकवतेस घास किती मोठा घ्यायचा, आणि आज काय दातखीळ बसली?”

ओन म्याइंगने मान हलवली. नुसती मान. सगळ्यांना नवल वाटलं असणार. ती बाई मान हलवून कधी थांबली नव्हती. कोणीतरी कुजबुजलं, “बरं नाही वाटतं तिला.” थेन प्यूचा आवाज एकदम खाली आला. चटईमागून तिचं पुटपुटणं ऐकू आलं, “अहो, सावकाश ओढा, जुनी चोळी आहे,” आणि त्या बोलण्यात भांडण नव्हतं. लाज होती.

ते ऐकवेना. ओन म्याइंग उठली. बधिर गुडघा मुडपला, ती बांबूवर अडखळली, पाण्यात दोन्ही हातांवर पडली, पुन्हा उठली आणि छत्रीच्या काळ्या डागाच्या दिशेने चालत गेली. खडा तळहातावर थुंकला.

“हा घ्या. तिला सोडा. मी घेतला.”

मालकिणीने तळहातावरून खडा उचलला.

“चोरलास?” दॉ न्वेने विचारलं.

“चोरायचा असता तर गिळला असता. मालकीणबाई, बांबू कुठे ठेवलाय ते मला दिसलं नाही.”

“मी हाताने सांगितलं,” को लाट म्हणाला. “तुम्ही मान डोलावलीत, आदॉ.”

“सगळ्या डोलतात म्हणून डोलले. मला हात दिसत नाहीत, लाटू. तुझं तोंड दिसत नाही. मागचा पाऊस पडायच्या आधीपासून दिसत नाही.”

“आणि वर्षभर खडे कशी वेचते ही?” दॉ न्वेने भोवती बघून विचारलं. तिचंही चूक नव्हतं. पकडलेला चोर आंधळा होतोच. तिने कमरेच्या पुरचुंडीतून काहीतरी काढलं आणि ओन म्याइंगच्या हातावर ठेवलं. “सांग.”

तीन खडे. ओन म्याइंगने पहिला जिभेवर ठेवला. “तामडा. बाजारात याला कुत्रं विचारत नाही.” दुसरा. “लालडी. एक टोक मोडलंय, पण नाटांनी बाकी मन लावून घासलीय.” तिसरा तोंडात ठेवला आणि लगेच काढला. “ही काच आहे. तुम्हाला कोणी माणिक म्हणून विकली असेल तर त्याच्या घरी आजच्या आज जा.”

दॉ न्वेने तो तिसरा खडा झटकन मुठीत घेतला. तिचा चेहरा ओन म्याइंगला दिसला नाही, पण मागच्या बायकांचा ‘हं’ असा उसासा ऐकू आला, त्यावरून समजलं.

“जीभ आहे म्हणून डोळे नाहीत असं होत नाही,” मालकीण मूठ न उघडता म्हणाली.

“डोळे नाहीत तिला.” चटईमागून थेन प्यू बाहेर आली, चोळीचे बंद बांधत. “मी सांगते. माझा नवरा गेला, त्याच्या सातव्या दिवशी भिक्षू जेवायला बसले, तर या बाईने आधी खांबाला वाकून नमस्कार केला. वर खांबाला म्हणाली, प्रकृती बरी आहे ना, महाराज?”

तीस बायकांत एक हसली, मग सगळ्याच. को लाटही हसला, आणि मग त्याने तोंड पुसलं.

दॉ न्वे हसली नाही, पण तिने छत्री मिटली. “खडा परत आला, तेव्हा रांग बसेल. पण जिला बांबू दिसत नाही तिने बांबूपाशी बसायचं नाही. दिसायला लागेल तेव्हा बघू. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.”

पंप सुरू झाला. ओन म्याइंगने टोपली उचलली आणि पहिल्यांदा त्या रांगेच्या मागून, तीस पाठींच्या मागून, शेवटाला जाऊन बसली. पाणी तिथे संथ होतं. मुठीत काळी वाळू. गुडघा कशालाच टेकवायचा नव्हता, तरी तो टेकायला काही शोधत राहिला.

दुपार उतरल्यावर थेन प्यू तिच्या दारात आली. मुरवलेल्या चहापत्तीची कोशिंबीर केळीच्या पानात बांधून आणली होती. आल्या आल्या बसकण मारली.

“तू पाहिलंस मला?” ओन म्याइंगने विचारलं. “पलीकडे बसलेली?”

“पाहिलं. खेकड्यासारखी सरकलीस तेही पाहिलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलणार होते. चोळीपर्यंत आले, तेव्हा म्हटलं, आता दहा आकडे मोजते आणि नाव घेते. सातवर तू उठलीस. मला संत समजू नकोस.”

ओन म्याइंगने चहापत्तीचा घास घेतला. त्यात लसूण जास्त झाला होता. ओन म्याइंगने तसं सांगितलंही.

“जागा तुला मिळाली,” ती मग म्हणाली. “वीस वर्षं थांबलीस.”

“ही काय मिळणं झालं? आंधळीची घेतली म्हणतील. नातवंडांपर्यंत टोमणे ऐकायचे!” थेन प्यूने पान चुरगळलं. “तू मंडालेला जा. डोळे कापून ये. तुझ्या नावाने मी तिथे बसते. रांगेला मी सांगितलंय.”

“वीस दिवस लागतात.”

“माहीत आहे. यिन माचा निरोप आणणारा ड्रायव्हर माझा भाचा आहे.”

“आणि एकविसाव्या दिवशी?”

“एकविसाव्या दिवशी जागा माझी. मी काय भिक्षुणी आहे?”

ओन म्याइंगला रात्री झोप आली नाही असं लोक सांगतात, ते खरं आहे. पण डोळ्यांच्या भीतीने नाही. थेन प्यू बांबूला गुडघा लावून बसेल का? ती आळशी. ती हात पुढे टाकून बसते, मागे रेलत नाही. एक दिवस तिचाच हात पलीकडे जाईल, आणि मग रांगही गेली, जागाही गेली. हे तिला सांगायचं राहिलं होतं.

सकाळी बसमध्ये खिडकीपाशी बसली. मंडालेचा रस्ता ओढ्याच्या वरून वळतो. पंपाचा आवाज जवळ आला तशी तिने शेजारच्या माणसाला, कुठलासा चहाचा व्यापारी होता, कोपराने ढोसलं.

“खाली बघा. पहिली कोण बसलीय?”

“एक जाडी बाई. बसलेली नाही, उभी आहे. टोपी हलवतेय. तुम्हालाच वाटतं.”

“उभी? काम चालू असताना?” ओन म्याइंगने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि धुक्यात, जिथे पंप गरजत होता तिकडे, घसा फाटेस्तोवर ओरडली, “खाली बस, मूर्ख बाई! गुडघा लाव! गुडघा लाव बांबूला!”

पंपापुढे काय ऐकू जाणार! व्यापाऱ्याने तिला दंडाला धरून आत ओढलं.

“बसली का?” तिने विचारलं. “बघा ना. बसली का ती?”